चौथीला असून पत्र वाचता येईना

शाळेला नावं ठेवायचा रिवाज आमच्या घरात चार पिढ्यांचा आहे. त्यातल्या तीन पिढ्यांनी शाळेचाच पगार घेऊन तो चालवला. आजोबा लोकल बोर्डाचे मास्तर होते, थोरली आत्या जिल्हा परिषदेची बाई होती आणि आता चुलतभाऊ सातारा जिल्ह्यातल्या आमच्या माण तालुक्यातल्याच एका वाडीवर गुरुजी आहे. मुलं आता त्याला सर म्हणतात. उरलेले आम्ही पालक, म्हणजे नावं ठेवायला जन्मापासून मोकळे. संध्याकाळी ओसरीवर बोलणं पावसापासून सुरू झालं तरी जेवणवेळेपर्यंत ते शाळेवर येतंच. मग कुणीतरी म्हणतं, पूर्वीची शाळा राहिली नाही.

ही पूर्वीची शाळा कधी होती, हे मी म्हाताऱ्यांना विचारत गेलो. आत्याला विचारलं तर ती आजोबांच्या शाळेकडे बोट दाखवी. आजोबा हयात असताना त्यांना विचारलं होतं, तर त्यांनी स्वतःच्या मास्तरांचं नाव घेतलं होतं. पणजोबांना आजोबांची शाळाच पसंत नव्हती. पणजोबा मारुतीच्या देवळात पंतोजीकडे शिकलेले. पाटीवर धूळ पसरून अक्षरं गिरवायची, थोडं मोडी, आणि मग पाढे : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. मुलगा बोर्डाचा मास्तर झाला तरी ते बाजारातून येताना त्याच्या वर्गातलं एखादं पोरगं वाटेत अडवत. ‘सात औटं किती रं?’ पोरगं पाटी शोधायला लागलं की पणजोबा ‘साडेचोवीस’ म्हणत आणि मुलाकडे असं बघत की सरकारनं त्याला पगार कशाचा दिला हे त्यालाच ठाऊक.

ही गोष्ट घरात फार आवडीनं सांगतात. त्या देवळातल्या शाळेत एकही मुलगी नव्हती आणि महारवाड्यातलं पोर देवळाची पायरीही चढू शकत नव्हतं, हे मात्र कुणी सांगत नाही. आमच्या कुणब्याच्या घरातलासुद्धा एकच मुलगा जाई, तोही सुगी नसेल तेव्हा. पूर्वीची शाळा चांगली होती म्हणणाऱ्याला मी आता विचारतो, तिच्यात कोण कोण बसत होतं? प्रश्न आवडत नाही लोकांना.

सरकारी शाळा आली ती रयतेच्या पैशातून. १८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षणखातं निघालं. पुढे साठीच्या दशकात शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसली आणि तिचा तिसरा हिस्सा शाळांसाठी ठेवला गेला. म्हणजे ज्याच्या गावात शाळा नव्हती तोही शाळेचे पैसे भरत होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं, त्यात हेच दुखणं मांडलं आहे : पट्टी कुणब्याची आणि शिकतो दुसराच. ते निवेदन मी चुलतभावाला वाचून दाखवलं तेव्हा तो मध्येच म्हणाला, ‘हे कालच्या मीटिंगचं इतिवृत्त आहे काय?’ पगार थोडा म्हणून मास्तर चांगले मिळत नाहीत, निदान बारा रुपये तरी द्या, मोठ्या गावात पंधरा-वीस द्या, असं फुल्यांनी सुचवलं होतं. मास्तर शेतकऱ्यांतूनच तयार करावेत, प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला लाजणार नाहीत असे, हेही त्यांनी लिहिलं. आणि शाळातपासणीबद्दल म्हटलं की वर्षाकाठी एकदा साहेब येऊन जाण्याचा उपयोग नाही, तपासणी निदान तीन महिन्यांनी व्हावी आणि कधीमधी आगाऊ न कळवता व्हावी.

न कळवता! आजोबांनी हे वाचलं असतं तर त्यांना हसू आवरलं नसतं. त्यांच्या काळात तपासणीला डिपोटी साहेब येणार ही बातमी पंधरवडाभर आधी गावात फिरायची. भिंती सारवल्या जात, पोरींच्या हातून दारात रांगोळी पडे. शेजारच्या वाडीवरच्या मास्तरांकडून नकाशा उसना येई आणि तपासणी झाली की दुसऱ्या दिवशी परत जाई, कारण तोवर साहेब त्या वाडीवर पोचायचे असत. पाटलाच्या घरी कोंबडं कापलं जाई. हुशार पोरं पुढं, मठ्ठ मागं, आणि अगदीच ज्यांचं काही खरं नाही अशी दोघं-तिघं त्या दिवशी गुरांमागं. ‘डिपोटीसुद्धा मास्तरकीतूनच वर गेलेला,’ आजोबा म्हणत, ‘त्याला ठाऊक असायचं. पण नकाशा तोच आहे हे त्यानं कधी दाखवलं नाही.’

पणजोबांची बहीण कोल्हापूर संस्थानात दिलेली होती. तिची तक्रार उलट्या टोकाची. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं ते सरकारच्या विरोधामुळे पडलं. पण शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात कायदा केला, आणि मूल शाळेत न घालणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला. ती माहेरी आली की कपाळाला हात लावून सांगे, शेरडं राखायला पोर ठेवावं तर रुपया जातोय. शाळा चांगली की वाईट हा प्रश्न तिच्या गावीही नव्हता. तिचा नातू पुढे तलाठी झाला, तेव्हा तिनं महाराजांना कितीदा हात जोडले याचीही एक गोष्ट आहे, पण ती गोष्ट नंतरच्यांनी रचली असावी असा मला संशय आहे.

आता आजोबांची गोष्ट. ते व्ह. फा. होते, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, सातवी पास. त्या काळी नावापुढे हे लावत, आणि त्यावर मास्तरकी मिळे. दुसऱ्या महायुद्धाची अखेरची वर्षं. साताऱ्याकडची पोरं मराठा पलटणीतून इटलीत लढत होती आणि गावात पत्रं येत. आली की ती उघडायला बाया घाबरत. एक दिवस दुपारच्या सुट्टीआधी एक बाई मुलाच्या दंडाला धरून शाळेच्या दारात उभी राहिली. पोरगं चौथीत. हातात सेन्सॉरचा शिक्का असलेलं पत्र. आत्या तेव्हा पाच-सहा वर्षांची, बापाच्या खुर्चीपाशी बसलेली. त्यामुळे पुढचं सगळं तिच्या तोंडून अनेकदा ऐकलेलं.

‘मास्तर, चौथीला हाय न्हवं ह्यो?’

‘हाय की.’

‘मंग ह्याला बापाचं पत्र का वाचता येईना? सकाळधरनं इचारतीया, जित्ता हाय का न्हाई तेवढं तरी सांग म्हनून. नुसता रडतोय.’

आजोबांनी पत्र घेतलं, वाचून दाखवलं. माणूस खुशाल होता, बैलाची चौकशी केली होती. बाईनं पत्र पदरात बांधलं, पण ती गेली नाही. तिनं वर्गासमोर आजोबांची हजेरी घेतली. गाव दाणं देतं, कुडाची भिंत गावानं घातली, चार वर्षं पोरगं शेतात न नेता इथं बसवलं, आणि मास्तरानं त्याला केलं काय? आजोबांनी त्या मुलाला पुस्तक दिलं. त्यानं धडा खडाखडा म्हटला. मग आजोबांनी पुस्तक उलटं धरायला सांगितलं. त्यानं तसाच खडाखडा म्हटला.

आत्या म्हणते, दादा, म्हणजे आजोबा, त्या रात्री जेवले नाहीत. मी यातलं ‘जेवले नाहीत’ सोडून देतो, म्हाताऱ्यांच्या गोष्टीत कुणी ना कुणी जेवत नाहीच. पण पुढचं खरं असावं, कारण त्यांचे विद्यार्थीही ते सांगत. त्यांनी शनिवारी पुस्तक बंद केलं. गावात आलेली पत्रं, दुकानदाराच्या चिठ्ठ्या, साऱ्याची पावती, बाजाराच्या जाहिरातीचा कागद, हाताला लागेल ते पोरांपुढे ठेवायचं आणि वाच म्हणायचं. ज्याला अनोळखी माणसाचं अक्षर लागलं तो चौथी पास, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. बोर्डाची चौथी वेगळी, मास्तरांची वेगळी.

२००५ पासून ‘प्रथम’ ही संस्था ‘असर’ नावाची पाहणी करते. कार्यकर्ते गावात घरोघर जातात, मुलापुढे एक कागद धरतात, त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीचा उतारा आणि दुसरीची गोष्ट असते. वाच म्हणतात. देशाच्या ग्रामीण भागातली पाचवीची साधारण निम्मी मुलं दुसरीची गोष्ट वाचू शकत नाहीत, हा निष्कर्ष थोड्याफार फरकानं इतकी वर्षं येतोच आहे. शिक्षक या पाहणीवर चिडतात. दारात उभ्या अनोळखी माणसापुढे पोर बुजतं, म्हणतात. बुजत असेलही. पण इटलीचं पत्र घेऊन आलेल्या त्या बाईची परीक्षा याहून वेगळी नव्हती, आणि तिला नमुना निवडायला कुणी शिकवलं नव्हतं.

स्वातंत्र्य आलं आणि शाळेत टकळी आली. गांधीजींच्या १९३७ च्या वर्धा योजनेतून निघालेलं मूलोद्योग शिक्षण. कितीतरी गावांत शाळेच्या पाटीवर अजून ‘जीवन शिक्षण मंदिर’ असतं ते तेव्हाचं. कल्पना थोर होती यात शंका नाही. गावाचं म्हणणं एवढंच, की हातानं काम करायचं तर आमची पोरं घरी ते करतातच, शाळेत त्यांना त्यातून सोडवायला पाठवतो. घरातले थोरले सांगत, पेळू वर्षभर वेळेवर आले नाहीत, टकळ्यांचे भोवरे मात्र झकास फिरले. त्याच सुमारास, १९४८ च्या आसपास, बाळासाहेब खेरांच्या सरकारनं पाचवी ते सातवीतलं इंग्रजी काढून टाकलं. माझे वडील आठवीत ए बी सी डी शिकले. शहरातल्या मुलांनी तोवर शिकवणीत निम्मी वाट चालून टाकलेली होती. वडील शांत माणूस. पण हा विषय निघाला की ते तावातावानं बोलत, आणि मातृभाषेच्या बाजूनं बोलणारे माझ्यासारखे गप्प बसत. २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा त्यांना सर्वांत जास्त आनंद झाला. ते शिकवणार कोण, असं आत्यानं विचारलं. त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि बोर्डाच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. आत्या चार वर्षांनी नोकरीला लागली, एकशिक्षकी शाळेवर. चार वर्ग, एक खोली, एक बाई. पहिलीला गिरवायला द्यायचं, दुसरीला पाढे, तिसरीला शुद्धलेखन, आणि तेवढ्यात चौथीला शिकवून घ्यायचं. १९७२ च्या दुष्काळात तिच्या शाळेत मुलंच उरली नाहीत. सगळी आईबापांबरोबर खडी फोडायला. तिनं हजेरीपट पिशवीत घातला आणि कामावर जाऊन बसली. सुकडी वाटायच्या वेळी मुलं गोळा होत, तेव्हा अर्धा तास शिकवी. साहेबानं विचारलं, शाळेला कुलूप का? ती म्हणाली, शाळा इथं आहे, कुलूप तिथं आहे. हे ती खरंच बोलली की नंतर सुचलं, मला माहीत नाही. पण ती बोलू शकणारी बाई होती.

तिची मुख्य तक्रार दुसरी. १९७१ ची जनगणना तिनं केली, निवडणुका केल्या, आणि आणीबाणीत कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेच्या केसेस आणायचं उद्दिष्ट शिक्षकांच्या गळ्यात आलं तेव्हा तिचं माणसांशी असलेलं नातंच विस्कटलं. मूल शाळेत का येत नाही हे विचारायला ती दारात गेली तरी पुरुषमाणसं मागल्या दारानं पसार होत. ‘वीस वर्षं लागली असती जे कमवायला, ते त्यांनी एका हिवाळ्यात घालवलं,’ असं ती म्हणते. शिक्षकांची शिकवू द्या ही आरोळी आज मंत्रालयावरच्या मोर्च्यात ऐकू येते, तेव्हा लोक म्हणतात, यांना काम नको. काही जणांना नकोच असतं, मी माझ्या घरातले गुरुजी धरून बोलतो आहे. पण त्या आरोळीला निदान पन्नास वर्षांचा आधार आहे.

आणि तरीही आत्याच्या काळातल्या शाळेविषयी मला हेवा वाटतो तो एकाच गोष्टीचा : तिच्याशी भांडायला माणूस होता. सरपंचाचा मुलगा तिच्या वर्गात, पोस्टमास्तरची मुलगी तिच्या वर्गात, सोसायटीच्या चेअरमनचा नातू, कंपाउंडरची पोरं, आणि वस्तीवरच्या मेंढपाळाचं पोरगं, सगळे त्याच सतरंजीवर. छप्पर गळलं तर सरपंचाच्या पोराच्या वहीवर पाणी पडे, म्हणून पंचायत समितीच्या सभेत त्याची आरडाओरड होई. बाई महिनाभर रजेवर गेली तर चेअरमन स्वतः सभापतीकडे जाई. आत्याला या लोकांचा त्रास होता, ती अजून त्यांच्या नावानं बोटं मोडते. पण पत्रे बदलले गेले ते त्यांच्यामुळं.

हे लोक भांडून गेले नाहीत. पिवळी बस आली आणि एकेक करून चढले. आधी सरपंच, मग दुकानदार, मग ज्याच्याकडे पाण्याची सोय झाली तो बागायतदार, आणि मग शिक्षक. हो, शिक्षक. चुलतभावाचा मुलगा तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातो. २०१५ साली अलाहाबाद उच्च न्यायालयानं सरकारी नोकरांनी आपली मुलं सरकारी शाळेतच घालावीत असा निकाल दिला, तेव्हा आमच्या ओसरीवर जुगलबंदी झाली होती. वहिनी म्हणाली, ‘तुमच्या तत्त्वापायी माझ्या पोराचं वर्ष नको.’ ती चूक म्हणाली असं मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. त्या बसच्या शाळेतल्या बाई आठ-दहा हजारांवर राबतात, पोरांना इंग्रजी कविता हातवाऱ्यांसकट पाठ असते, आणि पुस्तक उलटं धरलं तरी ती म्हणता येते. मात्र तिथं फी भरलेली असते, म्हणून कुणी पुस्तक उलटं धरून बघत नाही.

भाऊ नोकरीला लागला तो शिक्षणसेवक म्हणून, महिना तीन हजारांवर, तीन वर्षं. गवंड्याच्या हाताखालचा माणूस त्याहून जास्त मिळवत होता आणि ते भावाला रोज ऐकवत होता. २०११ च्या ऑक्टोबरात तीन दिवस राज्यभर पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लावून, मतदारासारखी. कागदावरची लाखो मुलं प्रत्यक्षात सापडली नाहीत. भावाच्या शाळेत सगळी होती, पण त्या आठवड्यात एस.टी.त लोकांनी त्याला विचारलं, ‘गुरुजी, तुमची किती खोटी?’ आता त्याला बोटाची शाई लागत नाही. मुलांची माहिती आधारसकट ऑनलाइन भरायची, खिचडीचे तांदूळ मोजायचे, मतदारयादीचं काम करायचं, आणि वृक्षारोपणाचा फोटो बाराच्या आत ग्रुपवर टाकायचा.

पोरं शिकत का नाहीत, याला उत्तर शोधणारी माणसं आमच्या सातारा जिल्ह्यातच निघाली. कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी चाळीसेक शाळांतल्या शिक्षकांना घेऊन मूल कसं शिकतं इथून सुरुवात केली, आणि राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या ते बघायला यायला लागल्या. जून २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राचा शासननिर्णय निघाला. त्यानंतर गावोगाव फरशीवर रंगीत तक्ते रंगवले गेले, बाटल्यांची झाकणं, काड्यांचे गठ्ठे आले. भाऊ कुमठ्याला जाऊन आला आणि बदलला, हे मी डोळ्यांनी बघितलं. पण फरशी रंगवणं सोपं होतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी तेवढंच झालं. उसन्या नकाशाची आठवण आली मला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा गावातल्या लोकांनी भावाला विचारलं, ‘तुमचं कधी?’ पुरस्कार परितेवाडीच्या पोरांना शिकवण्यासाठी मिळाला होता. आमच्यातल्या बहुतेकांनी पोरं आधीच काढून नेली होती.

भावाच्या शाळेत आता उरली आहेत ती मेंढरांमागं सहा महिने फिरणाऱ्यांची, ऊस तोडायला जाणाऱ्यांची, म्हातारीपाशी ठेवलेली, आणि ज्यांना बसचे पैसे झेपत नाहीत त्यांची मुलं. पट विसाच्या खाली गेला की शाळा बंद होणार ही आवई दरवर्षी जूनमध्ये उठते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती दिली, तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक. बैठकीला भाऊ खुर्च्या मांडून बसतो. आलेले पालक कोपऱ्यात उभे राहतात, बसा म्हटलं तरी बसत नाहीत, सही कुठं करायची विचारतात आणि जातात. तक्रार विचारली तर ‘काय न्हाई, चांगलं हाय’ म्हणतात. भावाला या ‘चांगलं हाय’ची धास्ती वाटते. आजोबांना बोलणारी बाई पट्टी भरत होती, भिंत घालत होती, म्हणून बोलू शकली. या लोकांना कुणी सांगितलेलंच नाही की शाळा त्यांची आहे.

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. आत्याही होती, आता ऐंशीच्या पुढची, कानाला यंत्र. भावाचा फोन वाजला. वर्गातल्या एका मुलाची आई, तोडीवर गेलेली, कारखान्याच्या तळावरून बोलत होती. मागं ट्रॅक्टरचा आवाज. भावानं फोन कानाला लावला, ऐकलं, आणि ताटाशेजारी स्पीकरवर ठेवला.

‘...बावन्नातनं अठ्ठावीस घालवलं तर चौतीस म्हनतोय. मुकादमाचा हिशेब त्याच्याकडनं करून घ्यावा म्हटलं, तर त्यो आमालाच बुडवील. हातचा शिकवला न्हाई व्हय तुमी? का समदी पोरं तोडीवर गेली म्हनून झोपलाय?’

‘शिकवलाय, ताई. विसरला असंल.’

‘इसरला म्हंजे शिकवला न्हाई. म्या संक्रांतीला येतीया. शाळेत येतीया. असा तुमी.’

आत्यानं यंत्र नीट केलं आणि विचारलं, ‘कोण भांडतंय रे?’

‘पालक,’ भाऊ म्हणाला, आणि फोनमध्ये वाकून म्हणाला, ‘या की. येताना मुकादमाची वहीबी घेऊन या.’